घटक ४ : पाप कोणी केले? – मराठी ख्रिस्ती साहित्यातील पापविचार आणि सदसद्विवेक

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला –
• ‘पाप’ आणि ‘विवेक’ या शब्दांच्या मराठीतील अर्थछटा उदाहरणांसह सांगता येतील.
• ख्रिस्ती चिंतनातील पापकल्पना आणि भारतीय परंपरेतील पापकल्पना यांतील साम्य-भेद स्पष्ट करता येतील.
• फादर स्टीफन्स, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांच्या लेखनाचा या विषयाशी असलेला संबंध विशद करता येईल.
• वाक्यरचना आणि नैतिक जबाबदारी यांतील नाते आपल्या परिसरातील बोलीच्या आधारे तपासता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण मराठी ख्रिस्ती साहित्याच्या इतिहासाचा आढावा घेतला. या घटकात त्या साहित्याच्या गाभ्याशी असलेल्या एका प्रश्नाकडे वळू. बरे काय आणि वाईट काय हे माणसाला कळते. मग कळत असूनही तो वाईट का करतो?

हा प्रश्न केवळ ख्रिस्ती धर्माचा नाही. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन श्रीकृष्णाला हेच विचारतो. इच्छा नसतानाही जणू कोणी बळजबरी करावी तसा माणूस पापाकडे का ओढला जातो, असा त्याचा प्रश्न आहे. नव्या करारातील रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात संत पौल जवळजवळ हेच स्वतःविषयी म्हणतो. जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि जे नकोसे वाटते तेच होते, ही त्याची व्यथा आहे. दोन भिन्न परंपरांतील हे दोन आवाज एकाच जागी थबकतात. पुढे मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

आपण मराठीचे विद्यार्थी आहोत. त्यामुळे धर्मशास्त्रीय वादाचा निकाल लावणे हे आपले काम नव्हे. एक परकी विचारधारा मराठीत आली तेव्हा तिने कोणते मराठी शब्द उचलले, ते कोणत्या वाक्यांत बसवले आणि त्यामुळे त्या शब्दांचे वजन कसे बदलले, हे पाहणे आपले काम आहे. या घटकाचे सूत्र आरंभीच सांगून ठेवतो. ‘पाप’ हा शब्द तोच राहतो. तो कोणत्या पुरुषी वाक्यात येतो, ‘तो’, ‘तू’ की ‘मी’, यावर त्याची नीती ठरते.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ ‘पाप’ शब्दाचा मराठी संसार

एखाद्या शब्दाचा अर्थ शोधताना तो कोणत्या क्रियापदांच्या सोबतीने वावरतो, हे आधी पाहावे. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांबा हे माझे गाव. तेथील रोजच्या बोलण्यातली ही चार वाक्ये पाहा.

(१) त्याने पाप केले.
(२) त्याच्या हातून पाप घडले.
(३) अशाने पाप लागते.
(४) हे पाप इथेच फेडावे लागेल.

पहिल्या वाक्यात पाप ही कृती आहे. तिसऱ्यात ते बाहेरून येऊन चिकटते. ऊन लागते, दृष्ट लागते, तसे पापही लागते. चौथ्यात ते कर्जासारखे आहे. आपण ऋण फेडतो, नवस फेडतो, पांग फेडतो आणि पापही फेडतो. याशिवाय पाप ‘धुतले’ जाते, म्हणजे ते मळ आहे. पापाचा ‘घडा भरतो’, म्हणजे ते साठत जाते. कृती, संसर्ग, ऋण, मळ आणि साठा अशा पाच प्रतिमा मराठीने या एका शब्दात सामावून घेतल्या आहेत.

दुसरे वाक्य सर्वांत लक्षणीय आहे. ‘त्याच्या हातून पाप घडले’ या वाक्याचा कर्ता कोण? अर्थाच्या दृष्टीने ‘तो’. व्याकरणाच्या दृष्टीने मात्र कर्ता ‘पाप’ आहे. ‘घडले’ हे क्रियापद अकर्मक आहे आणि माणूस केवळ ‘हातून’ या रूपाने साधन म्हणून उरला आहे. ‘मी पाप केले’ या वाक्यात कर्मणी प्रयोग असल्याने क्रियापद जरी ‘पाप’ या कर्माप्रमाणे चालत असले, तरी करणारा ‘मी’ तेथे उघडपणे उभा असतो. ‘हातून घडले’ म्हणताच तो मागे सरतो.

आपली प्रगती तपासा – १
‘माझ्याकडून ग्लास फुटला’ व ‘मी ग्लास फोडला’ या वाक्यांतील कर्ता ओळखून दोन्हींतील जबाबदारीचा फरक दोन-तीन ओळींत लिहा.

४.२.२ ‘विवेक’ : पाखडण्यापासून सदसद्विवेकापर्यंत

आता दुसरा शब्द पाहू. ‘विवेक’ हा शब्द संस्कृतातील ‘विच्’ या धातूपासून आला आहे. त्याचा अर्थ वेगळे करणे, निवडणे असा आहे. खळ्यावर उफणणी करताना दाणा आणि भूस वेगळे होतात. ही क्रिया डोळ्यांपुढे आणली की विवेकाचा मूळ अर्थ चटकन कळतो.

आपल्या जिल्ह्याला या शब्दाचा विशेष वारसा आहे. ‘विवेकसिंधु’ हा मराठीतील आद्य ग्रंथांपैकी एक. त्याचे कर्ते मुकुंदराज यांची समाधी अंबाजोगाई येथे दाखवली जाते. ग्रंथाचा काळ परंपरेने शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ मानला जातो. मुकुंदराजांचा विवेक मात्र प्रामुख्याने नित्य आणि अनित्य, आत्मा आणि अनात्मा यांतील निवड करणारा आहे. तो वेदान्ताचा विवेक आहे. तेथे ‘सत्’ म्हणजे जे खरोखर आहे ते, आणि ‘असत्’ म्हणजे जे भासते पण टिकत नाही ते.

आज आपण ‘सदसद्विवेकबुद्धी’ म्हणतो तेव्हा ‘सत्’चा अर्थ ‘चांगले’ आणि ‘असत्’चा अर्थ ‘वाईट’ असा घेतो. जुन्या समासात नवा अर्थ भरला गेला. अस्तित्वाविषयीचा शब्द आचरणाविषयीचा झाला.

नव्या करारात या कल्पनेसाठी जो ग्रीक शब्द आहे, ‘सुनेइदेसिस’, त्याचा शब्दशः अर्थ ‘सोबत जाणणे’ असा होतो. मी कृती करतो तेव्हा माझ्यातच कोणीतरी ती माझ्याबरोबर जाणत असतो आणि पुढे साक्ष देतो. ज्यांना लिखित नियमशास्त्र मिळाले नाही, त्यांच्याही अंतःकरणात ही साक्ष असते, असे पौल म्हणतो. आपल्या बोलीला ही कल्पना परकी नाही. ‘मन खातं’, ‘मनाला टोचणी लागली’, ‘मनाला विचारून बघ’ या प्रयोगांत मन हे असेच सोबत जाणणारे आहे.

४.२.३ फादर स्टीफन्स : पुराणाच्या घाटात नवी कथा

ख्रिस्ती पापविचार मराठीत सविस्तर मांडणारा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’. त्याचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशुसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले आणि साष्टी भागात त्यांनी आयुष्य वेचले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा आहे आणि दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र आहे.

स्टीफन्स यांनी ओवी हा मराठमोळा छंद घेतला, ‘पुराण’ हा घाट घेतला, स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्दही घेतला. पापासाठीही त्यांना नवा शब्द घडवावा लागला नाही. नवी होती ती कथा. आदाम आणि हव्वा यांना बऱ्या-वाइटाचे ज्ञान देणाऱ्या झाडाचे फळ खाण्यास देवाने मना केली होती. ते त्यांनी खाल्ले, ही बायबलच्या आरंभीची कथा आहे.

या कथेतील एक बारकावा आपण नीट वाचला पाहिजे. देव विचारणा करतो तेव्हा आदाम स्त्रीकडे बोट दाखवतो. स्त्री सर्पाकडे बोट दाखवते. खाल्ल्याचे दोघेही नाकारत नाहीत, पण दोघेही आपले वाक्य दुसऱ्याच्या नावाने सुरू करतात. बऱ्या-वाइटाचे ज्ञान मिळाल्यावर माणसाने त्याचा पहिला उपयोग केला तो दोष दुसऱ्यावर ढकलण्यासाठी. ख्रिस्ती चिंतनात पाप म्हणजे केवळ आज्ञाभंग नव्हे. देवाशी आणि सोबतच्या माणसाशी असलेले नाते तुटणे म्हणजे पाप, असे का म्हटले जाते, ते येथे दिसते.

येथे दोन परंपरांतील भेद लक्षात येतो. वेदान्ताच्या दृष्टीने मूळ रोग अविद्या आहे, म्हणून ज्ञान हे औषध. ख्रिस्ती दृष्टीने रोग ज्ञानाच्या अभावाचा नाही, इच्छेच्या वाकडेपणाचा आहे. म्हणून नुसत्या ज्ञानाने तो बरा होत नाही. क्षमा आणि कृपा लागते. हा भेद ढोबळ आहे. भक्तिपरंपरेत कृपेला असलेले स्थान विसरून तो ताणू नये.

४.२.४ तो, तू, मी : दावीद राजाची गोष्ट

बायबलमधील शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात एक प्रसंग आहे. दावीद राजाने आपल्या एका सैनिकाच्या पत्नीचा अभिलाष धरला आणि त्या सैनिकाला युद्धात मरणाच्या तोंडी पाठवले. नंतर नाथान नावाचा संदेष्टा राजाकडे आला. त्याने एक गोष्ट सांगितली. एका श्रीमंताकडे पुष्कळ गुरे-मेंढरे होती. शेजारच्या गरिबाकडे पोटच्या लेकरासारखी वाढवलेली एकच मेंढी होती. पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने आपल्यातले काही न मारता गरिबाची ती एकुलती मेंढी घेतली. राजा संतापला आणि त्याने त्या श्रीमंताला मरणाचा दंड योग्य ठरवला. तेव्हा नाथान म्हणाला की तो माणूस तूच आहेस. आणि राजाने कबूल केले की मी पाप केले आहे.

या प्रसंगाचे भाषिक विश्लेषण करून पाहा. दाविदाला बरे-वाईट कळत नव्हते काय? उत्तम कळत होते. तृतीयपुरुषी वाक्यात त्याचा निवाडा अचूक होता. त्याचा विवेक निकामी झाला होता तो केवळ प्रथमपुरुषात. नाथानाने नवे ज्ञान दिले नाही. वाक्याचा पुरुष बदलला. ‘तो’चा ‘तू’ झाला आणि ‘तू’चा ‘मी’ झाला.

येथे मला माझा एक अनुभव नोंदवावासा वाटतो. मी तेरा वर्षांचा असेन. चकलांब्यात कापूस वेचणीचे दिवस होते. वेचणाऱ्या बायांचा कापूस संध्याकाळी काट्यावर मोजला जाई आणि शाळेत जाणारा म्हणून वजन वहीत लिहिण्याचे काम माझ्याकडे असे. एका आजीबाईंचे वजन साडेएकोणीस किलो भरले. मी साडेसतरा लिहिले. घरात कशाची ददात नव्हती. वाचलेले पैसे मला मिळणारही नव्हते. त्यांना आकडे वाचता येत नाहीत, एवढेच मला ठाऊक होते. आठवड्याच्या हिशेबाला त्या थोड्या थांबल्या, बोटांवर काही मोजले आणि म्हणाल्या, “तू लिव्हलंय म्हंजी बराबरच असंल, लेकरा.” आईने रात्री विचारले तेव्हा मी म्हणालो, “माझ्याकडून चुकून झालं असेल.”

संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी आपल्या आत्मनिवेदनात सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर केलेल्या नासपतींच्या चोरीवर कित्येक पाने लिहिली आहेत. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. चोरण्यासाठीच चोरले, हे त्यांना छळत राहिले. एवढ्याशा गोष्टीचा एवढा बाऊ कशाला, असे वाचताना अनेकांना वाटते. मला तसे वाटले नाही. माझे ‘चुकून झालं’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते आणि ते खोटे होते. ‘मी कमी लिहिले’ हे तीन शब्द त्या आजीबाईंना सांगण्यासाठी मी गेलो, तोवर त्या हयात नव्हत्या.

आपली प्रगती तपासा – २
नाथानाने राजाला थेट दोष न देता आधी गोष्ट का सांगितली असावी? चार-पाच ओळींत लिहा.

४.२.५ तृतीयपुरुषी पाप : दुसऱ्यावर लादलेला शब्द

प्रथमपुरुषात ‘पाप’ हा शब्द माणसाला नम्र करतो. तोच तृतीयपुरुषात शस्त्र होतो. ‘मागच्या जन्मी काय पाप केलं होतं कोण जाणे’ हे वाक्य आपल्या गावांत कोणाविषयी उच्चारले जाते ते आठवा. विधवेविषयी, मूल नसलेल्या बाईविषयी, अपंग लेकराविषयी.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीच्या इंग्रजी पुस्तकात नेमके याकडे लक्ष वेधले. वैधव्य हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानल्यामुळे दुःख भोगणारीच दोषी ठरते, हे त्यांनी दाखवले. त्यापूर्वी बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीनेही विधवांची स्थिती मांडली होती. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य येशूला विचारतात की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. मराठी ख्रिस्ती लेखकांच्या समाजचिंतनामागे ही दृष्टी होती.

रमाबाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती सदनात राहून मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचा मराठी अनुवाद केला. सामान्य, अल्पशिक्षित स्त्रियांना कळावे अशी साधी मराठी हा त्यांचा आग्रह होता. तो अनुवाद त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्याविषयी इतरांनी ‘पाप’ शब्द वापरला, त्यांच्याच हाती तो शब्द वाचण्यासाठी देणे, असाही या कामाचा एक अर्थ लावता येईल.

४.२.६ विटाळ आणि पाप : लक्ष्मीबाईंचा शोध

चकलांब्याच्या पश्चिमेला जिल्ह्याची हद्द ओलांडली की शेजारचा अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा लागतो. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरलाच सुरू झाले, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक (मृत्यू १९१९) यांच्या कार्याचा मोठा भाग याच परिसरात घडला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या अभंगवाणीनेच आपल्याला ख्रिस्ताकडे आणले, अशी त्यांची भावना होती. तुकारामांच्या वाणीत स्वतःला पतित म्हणवणारा, देवापुढे आपले दोष मोजणारा ‘मी’ आधीच होता. प्रथमपुरुषी कबुलीची भाषा मराठीला मिशनऱ्यांनी दिली नाही. ती संतांनी घडवून ठेवली होती.

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांची वाट वेगळी होती. पतीने धर्मांतर केल्यावर त्या काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यानंतरही त्यांनी आपले सोवळे, आपले पाणी वेगळे ठेवले. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्या सांगतात की जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हे विचार करता करता त्यांना उमगले आणि त्यांनी विटाळ मानणे सोडले. बाप्तिस्मा त्यानंतर झाला. म्हणजे त्यांच्या बाबतीत विवेक आधी जागा झाला, धर्मांतर नंतर झाले.

आपण ४.२.१ मध्ये पाहिलेले ‘पाप लागते’ हे वाक्य येथे पुन्हा आठवा. लागते ते बाहेरून. बाहेरून आत जाणारे काही माणसाला भ्रष्ट करत नाही, अंतःकरणातून बाहेर पडणारे करते, अशी येशूची शिकवण मार्काच्या शुभवर्तमानात आहे. दुसऱ्याच्या स्पर्शाने पाप लागत नाही. दुसऱ्याला अस्पृश्य मानताना ते घडते आणि ते मीच करतो, असा अर्थाचा पालट लक्ष्मीबाईंच्या कथनातून वाचता येतो.

४.२.७ एक आवश्यक मर्यादा

‘घडले’ हे वाक्य नेहमीच पळवाट असते, असा निष्कर्ष मात्र काढू नये. स्वतः पौल म्हणतो की हे करणारा मी नव्हे, माझ्यात वसणारे पाप ते करते. येथेही ‘पाप’च कर्ता आहे. अर्जुनाला मिळालेल्या उत्तरातही काम आणि क्रोध हे ढकलणारे आहेत. माणूस सर्वस्वी स्वतंत्र नाही. भूक, भय, सवय, कर्जाची उचल, समाजाचा दाब यांनी तो वाकतो. ऊसतोडीला जाताना पोराची शाळा सोडवणाऱ्या बापाला केवळ ‘तू पाप केलेस’ म्हणणे हा विवेक नव्हे.

ख्रिस्ती चिंतन ही दोन्ही वाक्ये एकत्र धरते. पाप माझ्याहून बलवान आहे, म्हणून मला साहाय्य हवे. आणि ते मी केले आहे, म्हणून मला क्षमा हवी. पहिले वाक्य सोडले तर माणूस कठोर होतो, दुसरे सोडले तर तो सुटून जातो. दुसऱ्याविषयी बोलताना पहिले वाक्य आधी आठवावे आणि स्वतःविषयी बोलताना दुसरे. आपण बहुधा याच्या उलट करतो.

४.३ सारांश

मराठीत ‘पाप’ हा शब्द कृती, संसर्ग, ऋण, मळ आणि साठा अशा प्रतिमांतून वावरतो. ‘विवेक’ हा शब्द आत्म-अनात्म निवडीकडून बऱ्या-वाइटाच्या निवडीकडे आला. ख्रिस्ती साहित्याने हे जुने शब्दच वापरले, पण त्यांच्यामागे नात्याचा भंग आणि क्षमा यांची कथा उभी केली. स्टीफन्स यांनी ती पुराणाच्या घाटात आणली, रमाबाईंनी दुःखितावर लादलेल्या पापाचा प्रश्न विचारला, लक्ष्मीबाईंनी विटाळ मानणे सोडले, आणि टिळकांना संतवाणीतून वाट मिळाली. बरे-वाईट कळणे पुरेसे नाही. ते प्रथमपुरुषी वाक्यात कळावे लागते.

४.४ पारिभाषिक शब्द

हामार्तिया : नव्या करारात ‘पाप’ या अर्थी येणारा ग्रीक शब्द, मूळ अर्थ ‘नेम चुकणे’. अ‍ॅरिस्टॉटलच्या शोकात्मिकेच्या विवेचनात आपण नायकाचा प्रमाद म्हणून अभ्यासलेला शब्द हाच.
अनुताप : केलेल्या कृत्याबद्दल मागाहून होणारी मनाची होरपळ, पश्चात्ताप.
कृपा : पात्रता नसताना मिळणारे देवाचे साहाय्य.

४.५ आपली प्रगती तपासा : उत्तरांची दिशा

१. पहिल्या वाक्याचा व्याकरणिक कर्ता ‘ग्लास’ आहे, दुसऱ्याचा ‘मी’. पहिल्यात घटना सांगितली आहे, दुसऱ्यात कृती. पहिले वाक्य खरेही असू शकते. ते केव्हा खरे आणि केव्हा सोयीचे, हे प्रसंगावरून ठरते.
२. थेट आरोप केल्यास माणूस बचावाला उभा राहतो. गोष्टीत तो न्यायाधीश असतो, म्हणून त्याचा विवेक मोकळेपणाने काम करतो; मग त्याचाच निवाडा त्याच्यापुढे ठेवता येतो.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘ख्रिस्तपुराणा’ने मराठी परंपरेतून काय घेतले आणि त्यात काय नवे भरले, ते स्पष्ट करा.
२. अविद्या व पाप या कल्पनांतील साम्य-भेद भक्तिपरंपरेच्या संदर्भासह लिहा.
३. ‘विटाळ’ व ‘पाप’ यांतील फरक लक्ष्मीबाई टिळकांच्या अनुभवाच्या आधारे विशद करा.

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावात आठ दिवस कान उघडे ठेवून ‘पाप’, ‘चूक’, ‘गुन्हा’ आणि ‘दोष’ हे शब्द असलेली वीस वाक्ये टिपा. प्रत्येक वाक्यापुढे पुरुष आणि क्रियापद नोंदवा. बोलणाऱ्याचे नाव लिहू नका. प्रथमपुरुषी वाक्ये किती मिळाली ते मोजा. ती फारच कमी भरली, तर विसावे वाक्य स्वतःचे लिहा.